मेणकापडातली भाकरी

आमच्या मालकांनी दात काढले आन् माज्या भाकरीची अब्रू गेली.

संगमनेरला जाऊन सगळं तोंड मोकळं करून आले. डाक्टरनं कवळी दिली, तर म्हनं टोचती. ती बसली फडताळात. सकाळ-संध्याकाळ ताजं खायाला मिळतं, त्याचं काय न्हाई. घोडं अडायचं दुपारच्याला. डाळिंबाची बाग हाय वढ्याच्या पल्याड. सकाळी फडक्यात बांधलेली बाजरीची भाकरी दुपारपतूर अशी वाळती, की फोडायला हातोडा आना. पलास्टिकच्या पिशवीत घामेजती, वास मारती. गुडघं धड असतं तर मी सोता गरम नेऊन घातली असती. दुपारचं घरी या म्हनलं, तर म्हनायचे, "डाळिंबावरचं पोपट काय तुजा बाप हाकलनार व्हय?" बाप जाऊन जमाना झाला माजा, पन ह्ये मेल्याला बी कामाला लावतील!

तरी रोज फडकं रिकामं यायचं, म्हून मी खुशीत. मग एक दिस शेजारची छबूबाई म्हनली, "वैनी, तुमच्या बागंतलं कुत्रं लई गुबगुबीत झालंय बया."

भाकरी कुनाच्या पोटात जाती ते तवा उमगलं. मालकांचा सदरा बघितला, खांद्यावर नुसता लोंबत हुता. मानूस दिसभर उपाशी आन् मी हिकडं रिकामं फडकं बघून हरखतीय! राग बी आला, रडू बी आलं.

सून माजी, पंकजा, अंगनवाडीत शिकवती. ती म्हनली, "आत्या, मेणाचं कापड करू. त्यात भाकरी वाळत नाही आणि घामेजतही नाही. मोबाईलवर बघितलंय मी."

बागंला बहार धरला की अंगद मधमाशांच्या पेट्या ठिवायला येतो. त्यानं दिलेला मेनाचा गोळा मी टाचांच्या भेगांना जपून ठिवला हुता. म्हनलं, "माज्या टाचांचं काय मग?"

"टाचा राहू द्या. मामांचं पोट बघा."

तोंडाळ हाय, पन बोलली खरं.

जुन्या धुवट चादरीचा चौकोन कापला. माज्याच खोबऱ्याच्या किसनीवर तिनं मेन किसलं, कापडावर पसरलं, तडकू नये म्हून खोबरेलाचं थेंब टाकलं. खाली-वर कागद घालून इस्तरी फिरवली, तसं मेन कापडात जिरत गेलं. वाऱ्यावर धरल्याबरोबर कापड आवळून आलं. हातात धरलं की उबंनं वळतं, गार झालं की हाय तसं ऱ्हातं. घरभर मधाचा वास सुटला.

दुसऱ्या दिशी मी तव्यावरची टम्म फुगलेली भाकरी उचलली आन् तशीच गुंडाळली. आमच्यात भाकरी गरमच बांधत्यात. गार बांधून देनं म्हंजे मानसाला वाटंला लावनं. मालक गेले आन् पंकजा न्हाऊन भाईर आली.

"आत्या, निवू दिली ना? गरम लागलं की मेण वितळतं!"

आता गं बया! कपाळच बडवून घेतलं मी. मोबाईल मालकांचा खुंटीला. सांगायचं कसं? मेनाचा घास तोंडात आला की कापड देनार वढ्यात फेकून. ह्या मानसाचं मन एकदा इटलं की इटलं, कवळीचं तेच झालं. मग दुपारचा उपास कायमचा. दिसभर माजं कशात ध्यान न्हाई.

सांजच्याला आले. हातपाय धुतले. कापड माज्या म्होरं ठिवलं, घडी घालून.

"आज भाकरीला तूप लावलंतंस व्हय?"

पंकजा तोंडात पदर कोंबून आत पळाली. मी म्हनलं, "का वो?"

"लई मऊ हुती. कडंसकट खाल्ली. तूप जरा दाताखाली येत हुतं, पन दात कुठं हायेत!"

"आन् कुत्र्याला काय घातलं?"

मालक खाली बघत म्हनले, "तू अंधाराची उठून भाकरी थापती. चावत न्हाई म्हून कुठल्या तोंडानं सांगायचं?"

मेल्या मानसा, म्हून उपाशी मरायचं? भांडायला तोंड उघडलं आन् उठून ताटच वाढायला घेतलं. येवढी वर्सं संसार केला, पन येवढी माया ह्यांच्या पोटात हाय हे मला ठावं नव्हतं.

मेनाचं काय मी बोलले न्हाई. आता भाकरी टोपल्यात उभी करून वाफ जाऊ देते, वरनं खरंखुरं तूप लावते, मग गुंडाळते. त्यांना फरक कळला न्हाई. कळला आसंल तरी बोलले न्हाईत.

परवा चपला घालता घालता म्हनले, "आगं, एक भाकर जास्त बांधीत जा. पुरत न्हाई."

"पीठ काय आभाळातनं पडतंय व्हय?" मी वरडले. पन खरं सांगते, त्या सकाळी माज्यावानी सुखी बाई सगळ्या संगमनेर तालुक्यात नसंल.