डावीकडे नटी, उजवीकडे आई

गल्लीत त्याला सगळे डायरेक्टर म्हणत, आणि त्यात चेष्टा किती नि कौतुक किती, हे त्याला कधी कळलं नाही. पाच वर्षं खपून त्याने जो सिनेमा केला, त्यात गोष्ट नव्हती, गाणं नव्हतं, मारामारी तर नव्हतीच. पडदा मधोमध दुभागलेला. डावीकडे जुन्या सिनेमातला तुकडा, उजवीकडे त्याच्याच गल्लीतला माणूस. डावीकडे नायक मान झटकून केस मागे टाकतो, उजवीकडे न्हावी गिऱ्हाइकापुढे तेच करतो. डावीकडे खलनायक दाराला टेकून डोळे बारीक करतो, उजवीकडे घड्याळजी बंद पडलेल्या घड्याळाकडे तसाच बघतो. आपल्या गल्लीला चालायला, बोलायला, रागवायला सिनेमाने शिकवलं, असं त्याचं म्हणणं. आणि ते काही खोटं नव्हतं. त्याचे वडील शिंपी होते. नवा सिनेमा लागला की पहिल्याच खेळाला पेन्सिल घेऊन बसायचे आणि अंधारात नायकाची कॉलर कागदावर उतरवायचे. आठवड्याभरात अर्धी गल्ली त्या कॉलरीत फिरायची.

ग्रंथालयाच्या सभागृहात दुपारी पहिला खेळ होता. गल्ली झाडून आली होती. आई दुसऱ्या रांगेत बसली होती. "मीही आहे हो त्यात, अगदी शेवटी," असं तिने शेजारणीला दोनदा सांगून झालं होतं.

पडद्यावर न्हावी आला तेव्हा सगळ्यांत मोठ्याने न्हावीच हसला. घड्याळजीने तर स्वतःलाच शिट्टी मारली. डायरेक्टर मागच्या दाराला टेकून उभा होता, आणि त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आपणही त्या खलनायकासारखेच टेकलोय, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

मग शेवटचा तुकडा लागला. डावीकडे कृष्णधवल नटी, पलंगाच्या काठावर डोकं आपटत म्हणतेय, "मला एकटीला टाकून कुठे निघालात?" उजवीकडे आई, शिलाई मशीनवर डोकं आपटत. तेच शब्द, तोच हेल. वडील जाऊन तेव्हा आठच दिवस झाले होते.

सभागृह हसलं. आधी पुढून, मग सगळीकडून. त्यात दुष्टपणा नव्हता. लोक इतका वेळ हसत आले होते, त्याच ओघात हसले. पण हसले. आईने शेजारणीकडे पाहिलं, मागे वळून पाहिलं, आणि सगळ्यांचं संपत आल्यावर तीही थोडी हसली.

दिवे लागले. पाहुण्या म्हणून बोलावलेल्या प्राध्यापक बाई उठल्या. "त्या शेवटच्या बाईंचं दुःखसुद्धा उसनं आहे. हे त्यांना ठाऊक होतं का? आणि कोण आहेत त्या?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तो घोटून आला होता. "ठाऊक नसतं, तीच तर गंमत आहे," तो म्हणाला. दुसऱ्याला अडखळला. आपलं नाव आता पुकारणार म्हणून आई केसांवरून हात फिरवून ताठ बसली होती.

"आमच्या गल्लीतल्याच एक बाई आहेत," तो म्हणाला.

न्हाव्याने वळून त्याच्याकडे पाहिलं. या खेपेला केस मागे टाकले नाहीत.

डायरेक्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिनेमा कापताना-जोडताना सोयीने विसरलेलं सगळं आत्ता, भर सभेत आठवायला लागलं. त्या दिवशी मशीनसमोर कॅमेरा लावून तो म्हणाला होता, "आई, बाबांबद्दल बोल ना काहीतरी." वडिलांचा अर्धा राहिलेला कोट तिने मांडीवर घेतला. त्यातल्या टाचण्या एकेक काढून डबीत ठेवल्या. मग कॉलर उलटी करून आतली टीप अंगठ्याने चाचपत राहिली. वीस मिनिटं. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "आई, काहीच होत नाहीये गं." तेव्हा तिने वर पाहिलं, "बरं" म्हणाली, कोट बाजूला ठेवला आणि मशीनवर डोकं आपटलं. ती वीस मिनिटं त्याने कापून टाकली होती. ते "बरं"सुद्धा.

लोक हात मिळवत होते, पाठ थोपटत होते. त्याला कुणाकडे मान वर करून बघवेना. आई कठडा धरून जिन्यापाशी आली, तसा तो पुढे झाला.

"आई, मघाशी मी..."

"बरं केलंस, माझं नाव नाही सांगितलंस," शेजारीण खाली उतरल्याची खात्री करून ती हळूच म्हणाली. "एवढे लोक हसले, म्हणजे माझंच काहीतरी चुकलं. उगीच तुझ्या कामाला बट्टा."

"तसं नाहीये गं. चूक माझी..."

"मला त्या दिवशी रडूच येत नव्हतं रे. तुझा खोळंबा होत होता, म्हणून आपलं कसंबसं केलं."

ती एक पायरी उतरली आणि थांबली.

"कोट तसाच ठेवलाय मी. पुन्हा शूटिंग घ्यायचं असेल तर सांग. या खेपेला नीट करीन."