डावीकडचा मनोरा

माझ्या दादाच्या फोटो स्टुडिओत एक पडदा होता. त्यावर परदेशातली नदी, नदीवर दगडी पूल आणि पुलाच्या डाव्या टोकाला घड्याळाचा उंच मनोरा. रंगवला होता खुद्द दादानं, आणि निम्मं गाव त्याच्यासमोर उभं राहून परदेश करून आलं होतं. पाणी इतकं खरं की पोरं फोटोआधी बूट काढून ठेवायची. एका मास्तरांना तर समोर बसल्या बसल्या सर्दी झाली. शिंकताना मी स्वतः ऐकलंय.

पुढे दादाची मुलगी लग्न होऊन नेमकी पडद्यावरच्या त्याच शहरात राहायला गेली. पहिल्या खेपेला दोघं आली तेव्हा जावयांनी पडदा पाहिला आणि हसत हसत म्हणाले, की मनोरा डावीकडे नाही, उजवीकडे आहे, रोज कामावर जाताना बघतो. माणूस वाईट नाही हो, पण खरं बोलायची घाई फार.

दादा उठला. आत जाऊन त्यानं जुन्या डब्यातली रंगीत फिल्म शोधून काढली. हीच फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवून, बघून बघून त्यानं पडदा रंगवला होता. आता उजेडात धरली तर कळलं, की तेव्हा ती मागची बाजू पुढे करून उलटी चिकटवली होती, म्हणून डावं-उजवं झालं. इवल्याशा फिल्मवर घड्याळाचे आकडे वाचता येत नाहीत, आणि उलटी फिल्मही तितकीच गोड दिसते. जन्मभर निगेटिव्ह उलटसुलट करणाऱ्या माणसाच्या हातूनच असं व्हायचं. तुमच्या-माझ्या हातून होणार नाही, कारण आपण फिल्म हातातच धरत नाही.

त्यानं पडदा गुंडाळून माळ्यावर टाकला, कुंचले धुऊन फडक्यात बांधले आणि स्टुडिओचं सगळं सामान विकून टाकायला एक गिऱ्हाईकही पाहिलं. म्हणे, लोकांना इतकी वर्षं खोट्यासमोर उभं केलं. हाताला हल्ली वयानं थोडा कंप सुटला होता, थांबायला त्यालाही निमित्तच हवं होतं.

वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पूल काय एकाच बाजूनं बघायला बांधलाय? मनोरा डावीकडे दिसतो अशी जागा तिथे असणार. मी फोटो घेऊन येते."

दादा म्हणाला, ही नसती उठाठेव आहे. ती म्हणाली, असू दे, पण मी येईपर्यंत एक खुर्चीसुद्धा विकायची नाही. तेवढं कबूल करून घेतलं, त्याचा जुना रोलचा कॅमेरा गळ्यात अडकवला, तिपाई माझ्या खांद्यावर दिली, आणि लेकीला भेटायच्या नावाखाली आम्ही दीर-वहिनी विमानात बसलो.

शहराबद्दल मला विचाराल तर रस्ते इतके स्वच्छ की पाऊल टाकताना मन खातं. कबुतरं अशी लठ्ठ, की उडायचा कंटाळा करून ट्रामनं फिरतात. एकानं तर माझे पांढरे केस बघून मला जागा दिली. आणि वारा! माझी टोपी पहिल्याच दिवशी गेली, ती पुढे पुतणीच्या बाल्कनीवरून दोनदा जाताना दिसली, पण उतरली नाही.

नदीकाठी प्रवाशांसाठी ऐसपैस ओटा आहे. तिथे सगळे रांगेनं येतात, नदीकडे पाठ करतात, फोन उंच धरून स्वतःकडे बघून हसतात आणि निघून जातात. तिथून मनोरा उजवीकडेच दिसतो, जावई खरं बोलले होते. वहिनीनं एकदाच पाहिलं आणि चालायला लागली. पुलाच्या मागच्या अंगाला गेलो, तर तो सगळा काठ भिंती आणि गोदामांनी बुजलेला. नदी दिसायला फटसुद्धा नाही. फक्त एक तीनमजली धुलाईघर होतं, शहरातल्या हॉटेलांच्या चादरी धुणारं, आणि त्याला नदीकडे गच्ची होती.

दारात मुकादमीण उभी. दारात उभी राहिली की दार लावायची गरज नाही, अशी. वहिनीनं कॅमेरा दाखवला, वर बोट केलं. मुकादमिणीनं मान हलवली. नाही म्हणायला भाषा लागत नाही.

संध्याकाळी जावयांनी तोडगा काढला. ओट्यावरून काढलेला फोटो फोनवर घेऊन म्हणाले, आई, एका बोटात उलटा करून देतो, बाबांना कळणारही नाही.

"घड्याळाचे आकडे उलटे पडतील," वहिनी म्हणाली. "आणि बाबा एकदा चुकले, म्हणून आता मी त्यांना जाणूनबुजून फसवू?"

जावयांनी फोन खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी वहिनी पुन्हा धुलाईघरापाशी. पुन्हा नाही. ती समोरच्या बाकावर बसली. तिसऱ्या दिवशीही बसली. मी म्हटलं, वहिनी, लोक आपल्याला पुतळे समजून फोटो काढायला लागतील, घरी चला.

"तुम्हाला जायचं तर जा, भाऊजी. तिपाई ठेवून जा."

मी कसला जातो. दुपारी धुलाईघरातल्या बायका बाहेर खायला बसल्या, तशी वहिनी उठली आणि सरळ मुकादमिणीची कॉलर नीट करायला लागली. मुकादमीण इतकी चकित झाली की रागवायची राहिली. वहिनीनं एक पांढरी चादर दोरीवर सारखी पसरली, पुढे खुर्ची ठेवली, मुकादमिणीला बसवलं, हनुवटी दोन बोटांनी वर केली, खांदा थोडा वळवला. स्टुडिओत जन्म गेला होता तिचा. आणि काढला फोटो. मग काय, दुसरी आली, तिसरी आली. कुणी केस विंचरून, कुणी मैत्रिणीची कर्णफुलं घालून. ज्या बायकांचा दिवसभर वाफेशिवाय कुणाशी संबंध नाही, त्या राणीसारख्या बसत होत्या. मी वहिनीला खुणेनं सांगत होतो, रोल संपतोय. ती म्हणाली, रांगेतल्या बाईला परत पाठवता येत नाही.

शेवटी रोलमध्ये एकच फोटो उरला, आणि मुकादमिणीनं कमरेची किल्ली काढली.

गच्चीवर गेलो तर समोर पूल, आणि डाव्या टोकाला मनोरा. जसाच्या तसा. पण मधे वाळत घातलेल्या चादरी फडफडत होत्या. वहिनी म्हणाली, भाऊजी, तेवढी पुढची चादर बाजूला धरा. मी दोन्ही टोकं पकडली, आणि तेवढ्यात वारा आला. पुढचं कुणी मानत नाही, पण चादर फुगली आणि मी कठड्यापेक्षा वर गेलो. खाली नदी होती. मी ओरडलो. वहिनी म्हणाली, "तिथेच थांबा," आणि खटका दाबला. मग मुकादमिणीनं माझा पाय धरून मला खाली घेतलं.

रोल तिथे धुवायला दिला नाही. घरी येऊन वहिनीनं तो दादासमोर ठेवला आणि म्हणाली, धुवायला दुसरीकडे देऊ का? दादानं रोल हातात घेतला. न धुतलेला रोल घरात पडू देणं त्याला कधीच जमलं नव्हतं. उठला आणि डार्करूममध्ये गेला. बाहेर आम्ही दोघं. फोटो आला आहे की नाही, हे आम्हालाही ठाऊक नव्हतं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. हातात ओला फोटो होता. मनोरा डावीकडे, आकडे सुलटे, आणि वरच्या कोपऱ्यात आभाळात एक पाय.

"हा कुणाचा?"

"भाऊजींचा," वहिनी म्हणाली.

दादानं माझ्याकडे पाहिलं, पण खुलासा मागितला नाही. मला ओळखतो तो. पुन्हा फोटोत डोकं घातलं. त्या बायकांचे फोटो चांगले आलेत म्हणाला, माना बरोबर धरल्यास. मग म्हणाला, "हा देखावा गच्चीवरून दिसतो. म्हणजे पुढे कठडा पाहिजे. माझ्या पडद्यात कठडाच नाही."

"उद्या करा," वहिनी म्हणाली.

"उद्या नको. आणि सामान घेणाऱ्या त्या गिऱ्हाइकाला येऊ नकोस म्हणून कळव." तोवर त्यानं माळ्यावरचा पडदा काढायला मला शिडी धरायला लावली होती.

 त्यानं कापऱ्या हाताचं मनगट दुसऱ्या हातानं धरून कठडा रंगवला, दगडान् दगड, सावलीसकट. खूप दिवस घेतले, पण हटला नाही. आता फोटोला येणारा प्रत्येकजण त्या कठड्याला कोपर टेकायला जातो आणि पडतो. पुढच्या खेपेला जावई आले. रुबाबात उभे राहिले, पडद्याकडे पाहिलं, आणि टेकले.