या खोलीत उजेड येतो कुठून?

"याचं बटण कुठंय?" बाबांनी स्क्रीनला जवळजवळ नाक लावून विचारलं.

"कशाचं?"

"उजेडाचं. भिंती कशा लख्ख दिसतायत! पण दिवा एकही नाही, आणि खिडकी तर पार त्या टोकाला."

लेकीने लॅपटॉप जरा मागे ओढला. न बांधलेल्या घरांची आतली चित्रं संगणकावर करायची, त्यात ऊन पाडायचं, हे तिचं काम. ऑफिसात तिला सगळे सूर्यबाईच म्हणत. खोली अंधारी दिसायला लागली की या धंद्यातले लोक चित्रातल्या कॅमेऱ्यामागे एक अदृश्य दिवा लपवतात. गिऱ्हाईक खूश होतं. बाबा गिऱ्हाईक नव्हते, तीच पंचाईत होती.

आई गेल्यापासून ते इथे तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत होते. गुडघ्यांनी कधीच संप पुकारला होता, तरी लेकीकडे राहायला चला म्हटलं की त्यांना रोज नवं कारण सुचे. म्हणून आज ती लॅपटॉप घेऊनच आली होती. आपल्या घरातली मागची खोली त्यांच्यासाठी कशी लावणार, हे डोळ्यांनी दिसलं तर म्हातारा पाघळेल, असा तिचा अंदाज.

"आणि ही खुर्ची बघ. जमिनीला टेकलेलीच नाही. बसलो तर मी छताला लागेन."

तिला हसू आलं. लपवलेल्या दिव्याने खुर्चीखालची सावलीच पुसून टाकली होती. तिने तो दिवा काढला. खुर्ची जमिनीवर आली, पण सगळा कोपरा काळवंडला. कॅमेऱ्याचा उजेड वाढवला, तर खिडकी पांढरीफटक झाली आणि कोपऱ्यात वाळू सांडल्यासारखे ठिपके उठले.

"भिंतीला पिवळा रंग देऊन बघ," बाबा म्हणाले.

"रंगाचा काही संबंध नाही हो."

"मग राहू दे. मी आहे इथे बरा आहे."

तिने पुन्हा त्या काळवंडलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं. दोष चित्रात नव्हताच. तो कोपरा खरोखरच अंधारा होता, कारण खिडकीची जागा तिने स्वतःच्या कामाच्या टेबलाला दिली होती. जगाच्या घरात ऊन पाडत फिरायचं आणि बापाला मात्र कोपऱ्यात बसवायचं! तिची तिलाच लाज वाटली.

तिने टेबल आतल्या भिंतीला लावलं, खुर्ची खिडकीपाशी आणली आणि सकाळचा सूर्य सोडला. बाकी एकही दिवा नाही. ठिपके हळूहळू निवळत गेले. खुर्चीच्या पायांशी नीट सावली पडली.

बाबांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. "कोणाला तरी बसव बघू तिथे."

तिने संगणकातल्या तयार माणसांच्या संग्रहातला एक गृहस्थ उचलून खुर्चीत बसवला. त्याची सावली लांबत लांबत थेट तिच्या टेबलावर गेली.

"अगं, तुझा उजेड अडला की!"

"अडू दे," ती म्हणाली. तिला मनापासून बरं वाटत होतं.

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"मग याला उठव तिथून. राहायला मी येणार आहे."

तिने त्या गृहस्थाला काढून टाकलं. खुर्ची उन्हात रिकामी राहिली.