डयाळू पिट्या

धुरपताने कपाळावरचा पाळकाचा हात बाजूला सारला आणि तोंड भिंतीकडे फिरवले. चार दिवसांत चमचा-चमचा पाण्याखेरीज तिच्या पोटात काही गेले नव्हते, तरी त्या सारण्यात जोर होता. दाविद ओहोळने प्रार्थना अर्धवट सोडली. सहा महिन्यांपूर्वी तो नगरहून सालेकशाच्या जंगलातल्या या गावी पाळक म्हणून आला होता, आणि आता मंडळीतली सगळ्यांत म्हातारी बाई मरायला टेकली असूनही त्याची प्रार्थना घ्यायला तयार नव्हती.

तिचा मुलगा टिकाराम उंबऱ्यात बसून हे पाहत होता. तो मंडळीचा पंच. तो उठून अंगणात गेला, तसा दाविदही त्याच्या मागोमाग गेला. अंगणभर मोहफुले वाळत पडली होती आणि उन्हात त्यांचा वास डोक्यात चढत होता. माझे काही चुकले का, असे दाविदने विचारले. टिकारामने नाही म्हणून मान हलवली.

"तुमी मानूस चांगले हा, पादरीजी. पर तुमचं बोलनं आमच्यासारखं हाय. बाजारात बोलतो तसं. देवासंगं तसं बोलून चालते का?"

म्हणजे पुन्हा तेच.

ब्रॅडली साहेबांनी ही मंडळी उभी केली आणि एकतीस वर्षे सांभाळली. स्वातंत्र्य आले तेव्हा बाकीचे गोरे आपापल्या देशी गेले, हे मात्र राहिले, आणि तीन वर्षांपूर्वी इथेच वारले. चर्चच्या मागे मोहाखाली त्यांची कबर होती. साहेबांना मराठी छान यायची म्हणतात, फक्त त आणि द काही केल्या जमले नाहीत. एकतीस वर्षांत त्यांनी ताचा ट केला आणि दाचा ड.

दाविदला हे ठाऊक असायचे काही कारण नव्हते. पहिल्या रविवारी तो लोकांकडे पाठ करून मेजापाशी उभा राहिला, त्याने प्रार्थना सुरू केली, आणि मागून साठ माणसे एका सुरात म्हणू लागली, "हे डयाळू पिट्या, टू आमच्याट ये." आधी त्याला चेष्टा वाटली. मग मागे कुणी गोरा येऊन बसलाय की काय म्हणून त्याने वळून पाहिले. सगळे डोळे मिटलेले होते. दारापाशी एरवी "तुले", "मले" म्हणत भांडणाऱ्या बायका, दात पडलेले म्हातारे, आईच्या मांडीवरची पोरे, सगळ्यांच्या तोंडून तोच एक परका आवाज येत होता. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

शिकलेला माणूस म्हणून त्याने तो काटा झटकला आणि चुका सुधारायला घेतल्या. जीभ दातांना लावा, म्हणा त, म्हणा द. लोक बिचारे म्हणायचेही, अगदी स्वच्छ. प्रार्थना सुरू झाली की पुन्हा साहेब. तो चिडायला लागला, तसे लोक प्रार्थनेत गप्प राहू लागले, आणि मग येईनासे झाले. मंडळीतल्या उदारामने बाळाचा बाप्तिस्मा लांबवला. तापाने फणफणलेल्या पोरांना लोक साहेबांच्या कबरीपाशी नेऊन निजवू लागले.

"आई तशीच गेली, तर तुमाले इथं कोनी बलावनार नाई," टिकाराम म्हणाला. तो धमकी देत नव्हता, त्यालाही वाईटच वाटत होते.

दाविदला आपल्या जागेची काळजी होती, खोटे कशाला बोला. पण त्याहून जास्त त्याला धुरपता हवी होती. तो आला त्या दिवशी कुणी घराबाहेर आले नव्हते, हीच बाई भाताची हंडी डोक्यावर घेऊन आली होती आणि तो आणि त्याची बायको जेवेपर्यंत समोर बसून राहिली होती. तिला असे उपाशी मनाने जाऊ देणे त्याच्याच्याने होईना.

तो परत आत गेला. गुडघे टेकले, तिच्या कपाळावर हात ठेवला. लाजेने त्याचे कान तापले होते.

"हे डयाळू पिट्या," तो म्हणाला, "टुझी लेक टुझ्या डारी आली आहे."

धुरपताने तोंड वळवले. तिचे डोळे उघडे होते, पण ती त्याच्याकडे पाहत नव्हती, त्याच्या डोक्याच्या जरा वर, उंच माणसाचा चेहरा असेल तिथे पाहत होती.

"गंज दिवस लावले जी यायले, साहेब," ती म्हणाली. "पाय बरा हाय का तुमचा?"

"बरा आहे, डुरपटा. मोहाखाली सावली आहे," दाविद म्हणाला.

हे आपण का बोललो ते त्याला कळले नाही. उंबऱ्यातल्या टिकारामने डोक्याचे फडके काढून हातात घेतले. साहेब आईला डुरपटाच म्हणायचे, एवढेच तो पुटपुटला. धुरपताने दाविदचा हात दोन्ही हातांनी धरला आणि दिवस कलायच्या आत, तो हात न सोडताच, ती गेली.

मातीला अख्खी मंडळी आली. दाविदने पहिले वाक्य आपल्या आवाजात म्हणून पाहिले, तर एकाचेही डोळे मिटले नाहीत. दुसरे त्याने त्यांना हवे तसे म्हटले. पुढच्या रविवारी चर्चमध्ये बसायला जागा उरली नाही. उदारामने बाळ आणले. आजारी पोरे आता कबरीऐवजी पाळकाच्या घरी येऊ लागली. कुणी वाटेत भेटले की वाकून सलाम करायचे, आणि दाविदला ते आवडायचे. लोकांसाठी तेवढे करावे लागते, असे त्याने बायकोला, मार्थाला, समजावून सांगितले. चर्चमध्ये त्यांच्यासारखे बोलायचे, घरी आपल्यासारखे. तिने मान डोलावली होती.

पावसाळा सरत आला होता. एका दुपारी मार्थाने दोन ताटे वाढली आणि हात जोडले. दाविदने डोळे मिटून जेवणाआधीची छोटी प्रार्थना केली. गावात कुणी ऐकायला नव्हते, सगळे भाताच्या बांध्यांत निंदायला गेले होते. आमेन म्हणून त्याने घास उचलला. मार्थाचे हात अजून जोडलेलेच होते.

"अहो," ती म्हणाली, "घरात तरी आपल्या आवाजात म्हणत जा ना."

दाविदने घास ताटात ठेवला.

"आपल्याच आवाजात म्हणतो की मी. रोज."

मार्थाने त्याच्या ताटात भात वाढला आणि त्याच्याकडे न पाहता जेवायला सुरुवात केली.