तुटक रेषेच्या आत

मी हेडसेट बोलतोय. डोळ्यांवर बांधायचं काळं खोकं म्हणा हवं तर. तंत्रशाळेच्या ड्रॉइंग हॉलमधल्या लोखंडी कपाटात सध्या माझा मुक्काम आहे. माझ्या डोळ्यांतून सगळ्यांनी पाहिलं, माझ्याकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही.

आम्ही वीस भावंडं एकदमच इथे आलो. कागदावरची आकृती हवेत उभी करून दाखवायची, हे आमचं काम. ड्रॉइंगचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "पेन्सिल धरायची सोडून आता डोक्याला खोकी बांधायची." मुलांना मात्र भारी गंमत वाटली. पंधरा दिवस आमच्यावर उड्या पडल्या, मग नव्याची नवलाई सरली.

त्या वर्षी मावशी वर्गात शिकायला आल्या. त्या कारखान्यात लेथवर, लोखंड कापायच्या मशीनवर होत्या, वय बेचाळीस. मुलंच त्यांना मावशी म्हणू लागली. कारखान्यात ड्रॉइंग वाचण्याची परीक्षा होती. नापास झालं की मशीन सोडून पॅकिंगला जायचं.

"सर, मला यात नुसत्या रेघाच दिसतात," त्या एकदा म्हणाल्या. मागे कुणीतरी फिसकन हसलं. वर्ग सुटल्यावर सरांनी मला उचललं, फुंकर मारून धूळ उडवली आणि मावशींच्या डोळ्यांवर बांधलं.

मी कागदावरच्या आकृतीतला लोखंडी ठोकळा त्यांच्यासमोर उभा केला. त्या दचकून मागे सरल्या, मग हात पुढे करून चाचपडू लागल्या. मी ठोकळा मधोमध कापून दाखवला. आतलं भोक दिसलं, भोकातली पायरी दिसली. कागदावर ती तुटक रेषेनं काढतात, कारण बाहेरून ती दिसत नाही.

मावशींनी त्या पायरीवरून हवेत बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "अहो सर, हा तर आमचा बेअरिंगचा ठोकळा. वीस वर्षं कापतेय मी हा."

"मग काढा आता," सर म्हणाले. "ते खोकं उतरवा आणि काढा."

तोच रिवाज पडला. आधी माझ्यातून पाहायचं, मग मला बाजूला ठेवून कागदावर उतरवायचं. सुरुवातीला मी अर्धा अर्धा तास त्यांच्या डोळ्यांवर असायचो. मग दहा मिनिटं. मग दोनच. एके दिवशी त्यांनी मला हातच लावला नाही. मी टेबलावर पडून पेन्सिलीची खरखर ऐकत राहिलो. आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण त्यांचा हात माझ्याकडे येतो का, तेही पाहत राहिलो.

परीक्षा झाल्यावर त्या सरांना सांगायला आल्या. पास झाल्या होत्या, मशीन त्यांच्याकडेच राहिलं होतं. जाताना त्यांनी कपाट उघडून मला डोळ्यांवर चढवलं. पण मला बनवणाऱ्या कंपनीनं माझा प्रोग्राम मधल्या काळात बंद केला होता. आत मिट्ट काळोख.

"काही दिसत नाही, सर."

"आता तुम्हाला त्याची गरजही नाही."

तरी त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग रुमालानं माझ्या काचा पुसल्या आणि मला जागेवर ठेवलं.

भावंडं एकेक करून भंगारात गेली. माझीही बॅटरी फुगली आहे, म्हणजे आता फार दिवस नाहीत. मला दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. फक्त वर्गात कुणी म्हणालं, "मला दिसत नाही," तर हसू नका. त्याच्या शेजारी थोडा वेळ बसा. मला तेवढंच जमायचं, आणि आता तेही जमत नाही.