आखूड दोर

सिगारेट मी सोडली ती कुणाच्या सांगण्यावरून नाही. ताडाच्या शेंड्यावर असताना खोकल्याची अशी उबळ आली की हातातला सुरा खाली पडला, ताडीनं भरलेला भोपळा त्याच्यामागून गेला, आणि मी दोरात लटकत डोळ्यांपुढचे काजवे बघत राहिलो. खाली उतरल्यावर आधी दवाखान्यात गेलो आणि येताना खिशातलं पाकीट चुरगाळून खड्ड्यात टाकलं. घरी आल्यावर बायकोला, उरेदियाला, हे सगळं सांगितलं. ती काहीच बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मी सावध होतो.

मी दिओची आहे, म्हणजे ताडावर चढून ताडी काढणारा. गावात मला नावानं कुणी हाक मारत नाही, दिओचीच म्हणतात. आम्हाला शिडी लागत नाही. जाड वळलेला दोर झाडाभोवतून आणि आपल्या पाठीमागून घ्यायचा, एका टोकाच्या फाशातून दुसरं टोक ओवून गाठ मारायची, मागं रेलायचं, पाय खोडावर रोवायचे आणि दोर वर सरकवत जायचं. माझ्या मापाची खूण म्हणून दोराला एक लाल चिंधी बांधलेली आहे. गाठ चिंधीवर आली की माप बरोबर. वर पोचल्यावर दोरातच आरामात रेलून मी एक सिगारेट ओढायचो. डाव्या हातात सिगारेट, खाली सगळं गाव. ते सुख आता गेलं.

या दोराला बाईचा हात लागता कामा नये. तिनं तो ओलांडायचाही नाही. लागलाच हात तर दोर जाळायचा, कोंबडा कापायचा आणि पुढच्या मोसमापर्यंत जमिनीवर बसून राहायचं. उरेदियाचा बापही दिओचीच होता, त्यामुळं तिला हे सांगावं लागलं नाही.

माझी खरी काळजी सिगारेट सोडल्यानंतर सुरू झाली. तिठ्यावर ओक्वुदिली छत्रीखाली बसून फोनची कार्डं विकतो. एके काळी तो माझ्यापेक्षा वरचढ दिओची होता, मला चढायला त्यानंच शिकवलं. आता खुर्चीतून उठायचं तर त्याला दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो.

"सोडलीस म्हणे!" मला बघताच तो म्हणाला. "ये, शेजारी दुसरी खुर्ची टाकतो."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? मीही सोडलीच होती ना! हाताला सिगारेट नाही मिळाली की हात ताटाकडे जातो, बाबा. मला कुठं कळलं? एक दिवस दोरच पुरेना. तिथून थेट ही छत्री."

"मी नाही होणार जाड."

"मीही असंच म्हणालो होतो," असं म्हणून तो पोट हलवत हसला.

आमच्याकडे जाड होणं वाईट नाही. मास्तर अंगानं सुटला तर लोक कौतुकानं म्हणतात, बायको चांगली मिळाली. पाद्री सुटला तर म्हणतात, देवाची कृपा. पण दिओची सुटला तर म्हणतात, संपला बिचारा. मला झाडाशिवाय दुसरं काही येत नाही, यायलाही नको आहे. तेव्हा मी ठरवलं, सिगारेट सुटेल, पण अंगावर मांस चढू द्यायचं नाही. तलफ आली की कोलाच्या कडू बीचा तुकडा चघळायचा, आणि ताटात कुटलेल्या कोनफळाचा एकच गोळा. दुसरा नाही.

हे उरेदियाला पटलं नाही.

"सोमादीनाचे बाबा, एवढंसंच?" ती म्हणायची. सोमादीना आमची मुलगी, शहरात, एनुगूला शिकते. "तिकडं पोरगी विचारेल, आई बाबांना उपाशी ठेवते का म्हणून."

"पुरे आहे."

"चार बाया मला विचारतायत. नवरा वाळत चाललाय, चूल विकलीस का, म्हणून."

"सांग त्यांना, नवऱ्याला झाडावर चढायचं असतं."

"कायम?" ती म्हणाली.

तो "कायम?" माझ्या डोक्यात रुतून बसला. असं का विचारावं? मग मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागलो. एगुसीच्या बियांच्या कालवणावर पूर्वी नव्हता इतका तेलाचा तवंग दिसायला लागला. वाळके मासे दोनाचे चार झाले. मी गोळा एकच खातो हे बघून तिनं गोळाच मोठा करायला सुरुवात केली. मला काय कळत नाही? एकदा ती विहिरीवर गेल्यावर मी स्वयंपाकघरात शिरून भांड्यात पळी फिरवली, तर तळाशी मांस! कुठला सण नाही, पाहुणा नाही, आणि मांस. पाणी कुठंतरी मुरत होतं.

त्यात एक दिवस तिठ्यावरून येताना बघतो तर उरेदिया ओक्वुदिलीच्या छत्रीखाली उभी. दोघं हळू आवाजात बोलत होते. मला बघताच ती टोपली उचलून चालू लागली. कार्ड घ्यायला गेली म्हणावं तर हातात कार्ड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ओक्वुदिली मला म्हणतो, "दिओची, दोर बदल की आता. किती दिवस तोच वापरणार?"

"माझ्या दोराला काय झालंय?"

"काही नाही रे, आपलं म्हटलं."

आणि त्याच संध्याकाळी घरी उरेदिया भाजी निवडता निवडता, "दोर जुना झाला का हो?"

मी ताडकन उठलो. "बाईनं दोराचं नाव काढू नये, एवढंही तुझ्या बापानं शिकवलं नाही?"

ती भाजी निवडत राहिली. माझा हिशोब मात्र जुळला. एक मला खाऊ घालून फुगवणार, दुसरा दोर पुरत नाही म्हणून चिडवणार, आणि मी आपोआप झाडावरून उतरणार. ओक्वुदिलीचा पुतण्याही दिओचीच, माझी झाडं त्याला जाणार. आणि हिला नवरा घरात बसलेला मिळणार, मास्तरासारखा गुबगुबीत. जिच्याशी इतकी वर्षं संसार केला, तिच्याबद्दल असं मनात येत होतं आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती. रागच इतका होता.

मग नव्या कोनफळाचा सण आला. त्या दिवशी कुणी झाडावर चढत नाही. मी सगळ्या महिन्याची भूक त्या एका दिवसात भागवली. सासुरवाडीच्या माणसांनी आग्रह केला, बकऱ्याचं मांस होतं, माझीच ताडी होती. दुपारी आडवा झालो तो अंधार पडल्यावर उठलो.

सकाळी झाडाखाली दोर पाठीमागून घेतला, फाशातून ओवला आणि गाठ मारायला गेलो. चिंधी पुरेना. श्वास आत ओढला तरी गाठ चिंधीच्या वीतभर पुढं पडत होती. मी गाठ सोडून पुन्हा मारून बघितली. एका सणात वीतभर! म्हणजे इतके दिवस आतल्या आत साठत होतं ते सगळं एकदम बाहेर आलं. उरलेल्या टोकावर कशीबशी गाठ मारून चढलो. झाडाला जास्तच चिकटून चढावं लागलं, गुडघे सोलून निघाले.

त्या दिवसापासून मी सकाळचं खाणं बंद केलं. तरी चिंधी जिथल्या तिथं. संध्याकाळी अर्धाच गोळा खायला लागलो. तरी तेच. झाडावर वर पोचलो की गरगरायचं, सिगारेटची तलफ तर अशी यायची की कोलाबरोबर जीभही चावायचो. उरेदिया ताट पुढं करायची, मी मागं सारायचो.

"मरायचं ठरवलंय का?" एकदा ती ओरडलीच.

"मला मारायचं कुणी ठरवलंय ते मला माहीत आहे," मी म्हणालो.

तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, चोर सापडला.

शेवटी मी मादाम एबेरेकडे गेलो. ती तेलताडाच्या बिया विकत घेते, तिच्या पडवीत पोती तोलायचा मोठा काटा टांगलेला आहे. मी त्याच्या आकड्याला दोन्ही हातांनी लोंबकळलो. तिथल्या बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या.

"ओल्या बिया मी घेत नाही हं, दिओची," मादाम म्हणाली. मग काटा वाचून तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, तुमचं तर वजन उतरलंय!"

खरंच, दवाखान्यात मोजलं होतं त्यापेक्षा वजन कमी भरलं. पण मी काय कालचा आहे? तो काटा गावातल्या प्रत्येक बाईच्या पोत्याला कमीच दाखवतो. मला तेवढा खरं सांगणार होय? काटा माणसानं लावलेला असतो. दोर खोटं बोलत नाही. मी खाली उतरलो आणि तिथून तसाच घरी निघालो.

घराजवळ आलो तर शेजारीण, ओबियानुजूची आई, कमरेवर हात ठेवून आमच्या अंगणात उभी होती. आमच्या शेळीनं दावं तोडून तिच्या कसाव्याच्या रोपांचा फडशा पाडला होता.

"शेळी पाळता येत नाही तर दोर तरी धड बांधा!" ती मला बघून कडाडली. "ताडावर लोंबकळणाऱ्या माणसाच्या घरात शेळीला दावं नाही?"

उरेदिया शेळीमागं धावत गेली होती. मी चडफडत स्वयंपाकघरामागं गेलो. खुंटाला दाव्याचा तुकडा लोंबत होता. उचलला आणि हात तिथंच थांबला. असला जाड पीळ शेळीच्या दाव्याला कोण जोडतं? तुकड्याच्या टोकाला फासा होता. माझ्या बापानं शिकवलेला, मी स्वतः वळलेला फासा. त्याच्याजवळ, डाव्या हाताला येतो तिथं, एकामागून एक काळे बारीक डाग होते. बोटानं चाचपलं. आतले धागे जळून कोळसा झाले होते. वर रेलून सुखानं ओढलेल्या प्रत्येक सिगारेटचा निखारा तिथं पडला होता, आणि मी खाली गाव बघत होतो.

मी उरलेला तुकडा दोन्ही हातांत धरून ओढला. फार जोर लावावा लागला नाही, तो मऊ शिजलेल्या मांसासारखा सुटून आला. ज्याला शेळी आवरली नाही, त्याच्यावर मी मागं रेलून बसत होतो.

पडवीत जाऊन खुंटीवरचा दोर काढला. जुना दिसावा म्हणून फाशाजवळ चोळलेलं तेल आणि काजळी नखानं खरवडली. आतला पीळ ताजा होता, घट्ट होता, सुरेख होता. पण माझा नव्हता. सणाच्या दुपारी मी घोरत असताना जळकं टोक कापून हा नवा फासा कुणी वळला, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. दिओची बापाशेजारी बसून पीळ बघत वाढलेली या घरात एकच होती, उरेदिया. खुंटीवरच्या दोराचे डाग बघून तिनं आधी ओक्वुदिलीकडून मला सांगवून बघितलं. मलाही विचारून बघितलं. मी दोघांचंही ऐकलं नाही तेव्हा तिनं जे करू नये ते केलं आणि तोंड मिटून घेतलं. बोलली असती तर माझं झाड गेलं असतं. नसतं केलं तर मी गेलो असतो. मला एकदम रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

ती शेळीचा कान धरून अंगणात आली. माझ्या एका हातात दोर आणि दुसऱ्या हातात जळका तुकडा बघून तिनं शेळी सोडूनच दिली.

"कोंबडा कापायचा असेल तर पांढरा कापा," ती म्हणाली. मान खाली नव्हती. "तांबडा सोमादीनाच्या वाट्याचा आहे."

"कुणी बघितलं?"

"कुणी नाही."

मी तिच्याजवळ गेलो आणि दोर तिच्या हातात दिला. ती हात मागं घेत होती, तरी दिला.

"नीट बघ," मी म्हणालो. "आणखी कुठं जळलाय का ते. माझ्या डोळ्यांवर आता माझा भरवसा नाही."

तिनं दोर मांडीवर घेतला आणि बोटांनी इंच न् इंच चाचपत गेली. मी शेजारी बसून राहिलो. कितीतरी वेळानं ती म्हणाली, "आणि चिंधी? गाठ पुढं पडते ते ओक्वुदिली बघेल. लोक विचारतील ना, दोर आखूड कसा झाला?"

"दोर कुठं आखूड झालाय?" मी म्हणालो. "दिओचीचं पोट सुटलंय. बायको चांगली मिळाली, दुसरं काय!"

ती हसता हसता रडायला लागली. मी म्हटलं, ते राहू दे, आधी वाढ. दोन गोळे वाढ.