हिंदीतला फोन

अपघाताच्या खटल्यात परदेशातल्या तुरुंगात अडकलेल्या सुशीलचा फोन दर शुक्रवारी काटोलला यायचा. पहारेकऱ्याला कळेल अशाच भाषेत बोला, नाहीतर फोन कापू, असा तिथला नियम. पहारेकऱ्याला हिंदी कळायची. बाजारात व्यापाऱ्यांशी हिंदीतच संत्र्यांचा भाव करणाऱ्या गोपिकाबाईंना ती जड नव्हती. पण पोटच्या पोराशी तसं बोलताना तोही व्यापारीच वाटायचा. मेल्यांचा नियम, असं मनात म्हणत त्या विचारायच्या, “खाना खाया, बेटा?”

आज सुशील हळूच म्हणाला, “माय, तू जेवली का वं?”

आता फोन कापतील, म्हणून गोपिकाबाई घाईनं म्हणाल्या,

“हिंदी में बोल, बेटा.”

फोन कोणी कापला नाही. तिकडून सुशील म्हणाला, “जी.”